मिलट्री आक्का

गल्लीत कुणाच्याही घरी वाईट बातमी आली की लोक रडायला जमायचे आणि मिलट्री आक्का सरळ स्वयंपाकघरात शिरायची. कुणाला न विचारता पिठाचा डबा काढायची. "रडा की, नको कोण म्हणतंय? पर जेवून रडा!" तिचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू यायचा.

गडमुडशिंगीत आमच्या शेजारीच तिचं घर. नवरा लढाईत गेला तेव्हा ती जेमतेम विशीची, मुलगी पोटात. नवऱ्याचं तोंडही शेवटचं बघायला मिळालं नाही; नुसता निरोप आला. तेव्हापासून गावानं तिला मिलट्री आक्का केलं. म्हशी पाळून तिनं मुलगी शिकवली, तिचं लग्न लावलं. त्या दिवसांबद्दल ती बोलायची नाही. एकदाच माझ्या आईला म्हणाली, "घर मान्सांनी भरल्यालं. समदी रडत हुती. पोटुशी बाई उपाशी हाय, ह्ये कुणाच्या ध्यानातच आलं न्हाय."

माझा थोरला भाऊ फौजेत. तो सीमेवर असताना गोळीबार सुरू झाला आणि त्याचा फोन लागेना. वहिनी टीव्हीसमोरून हलेना. आक्कानं येऊन टीव्हीच बंद केला. "तुझा नवरा कुठं हाय ते ह्येला काय ठावं? ऊठ, पीठ मळ." दादाची खबर लागेपर्यंत ती आमच्याकडेच राहिली.

दादा परतला, पण डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. हारतुरे झाले, भाषणं झाली. मग तो खोलीत शिरला तो बाहेरच येईना. आम्ही त्याच्याशी हलक्या आवाजात बोलायचो. आक्का मात्र दारातूनच ओरडली, "ए फौजी! म्हस व्यायला आलीया, मला एकटीला आवरंना. पाय गेलाय, हात हाइत न्हवं?"

दादा भडकला. पण कुबड्या घेऊन गेला. परतला तो शेणामातीनं भरलेला, आणि घरी आल्यापासून पहिल्यांदाच त्यानं स्वतःहून जेवायला मागितलं. मग तो रोजच तिच्या गोठ्यात जाऊ लागला.

गेल्या पावसाळ्याआधी आक्का गेली. दादा तोवर नकली पायावर चालायला शिकला होता. त्यानं तिरडीला पुढचा खांदा दिला. रस्ता खाचखळग्यांचा. "फौजी, द्या इकडं, तुमाला न्हाय झेपायचं," कुणीतरी म्हणालं. दादानं खांदा काही सोडला नाही.

तो एकेक पाऊल जपून टाकत राहिला. मग कुणी घाई केली नाही. सगळा गाव त्याच्या चालीनं चालला.