दंड मागणारी आत्या

सरकारी कचेरीत माणसं दंड माफ करून घ्यायला जातात. माझी आत्या दंड लावून घ्यायला जायची. दरवर्षी पिकं गुडघ्याएवढी झाली की ती धुतलेलं लुगडं नेसून तलाठ्याच्या खोलीसमोर पायरीवर जाऊन बसायची आणि आत शिरणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "भाऊसाहेबाला सांगा, म्या गुन्हा केलाय. सरकारचं रान पेरलंय. दंड करा म्हणावं." नव्यानं बदलून आलेल्या तलाठ्याला ही बाई वेडी वाटायची. जुन्याला ती चांगली माहीत असायची, म्हणून तो मागच्या दारानं निघून जायचा.

तिच्या मागणीत वेड काहीच नव्हतं. उमापूरच्या पुढे चार-पाच किलोमीटरवर तिचं सासर. तिथल्या आमच्या बौद्ध वस्तीत कुणाच्याच नावावर जमीन नव्हती. तिच्या सासऱ्यानं गावच्या गायरानातला, म्हणजे गुरांच्या चराईसाठी राखलेल्या सरकारी जमिनीतला, साडेतीन एकरांचा माळ फोडून कसायला घेतला. तो गेला, मागून नवरा गेला, आणि रान आत्याच्या अंगावर आलं. सरकारचा नियम असा, की अमुक एका तारखेच्या आधीपासून खंड न पडता जमीन कसत असल्याचं सिद्ध केलं तर ती नावावर होऊ शकते. आता सिद्ध करायचं कशानं? तलाठ्यानं अतिक्रमणाचा दंड केला की त्याच्या वहीत नाव चढतं आणि हातात पावती येते. ती पावती हाच पुरावा. हे तिला कुणी शिकवलं माहीत नाही, पण सही न येणाऱ्या आत्याला ते पक्कं कळलं होतं. तलाठ्यांनाही कळलं होतं, म्हणून ते दंड करायला राजी नसत.

पावत्या ती बुद्धाच्या तसबिरीच्या मागे ठेवायची. पत्र्याचं घर पावसात गळायला लागलं की पिठाचा डबा, अंथरुणं तशीच राहायची. आधी तसबीर उतरून, लुगड्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन ती कोरड्या कोपऱ्यात बसायची. लहानपणी मला वाटायचं, केवढी श्रद्धा आहे हिची. श्रद्धा होतीच, पण तिच्या पाठीला पावत्याही होत्या.

माझं लहानपण तिच्याच घरात गेलं. माझे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे ते उन्हाळ्यात परतायचे. मला शाळेसाठी आत्याकडे ठेवलेलं. तिनं स्वतः लग्नानंतर सहा हंगाम ऊस तोडला होता. त्याबद्दल फार बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "माझी पहिली लेक फडात झाली आन् फडातच गेली. मंग म्या ठरीवलं, मरंल तर ह्या माळावर मरंल." तिच्या पोटचं जगलेलं म्हणाल तर एकच, दादाराव. तो आणि मी तिच्या बाजरीवर वाढलो. मी बारावी झाले, पदवी घेतली, परीक्षा देऊन बीडला एका कार्यालयात लिपिक झाले, त्या सगळ्याच्या मुळाशी ते साडेतीन एकर आहेत.

त्या रानात ती रिकाम्या हातानं कधी चालली नाही. चार पावलं टाकली की वाकायची, दगड उचलायची, ओच्यात टाकायची आणि कडेला नेऊन रचायची. पाहुणे आलेले असोत, अंगात ताप असो, त्यात बदल नव्हता. दादारावच्या लग्नाच्या दिवशी नवरीला रान दाखवायला नेलं, तर तिथेही सासू-सून दोघींच्या ओच्यात दगड. मी हसले तर म्हणाली, "हासू नको. हे रान दगडं पिकवितंय. पावसाळा झाला की नवी निघत्यात." कमरेएवढा दगडी बांध होता तिचा, तिन्ही बाजूंनी. चौथ्या बाजूला मातीचा सामाईक बांध आणि पलीकडे बापूंचं शेत.

बापू म्हणजे गावातले मोठे शेतकरी. त्यांची जनावरं एकदा आत्याच्या बाजरीत शिरली, की सोडली, कोण जाणे. आत्यानं भांडण केलं नाही. तुडवलेली कणसं पाटीत भरली, बापूंच्या ओसरीसमोर ठेवली आणि शेजारी बसून राहिली. दुपारी बापू बाहेर आले. "काय पाहिजे बाई तुला?" ते म्हणाले. "काय न्हाई. तुमच्या बैलांचं उष्टं आणलंय. त्यान्लाच द्या," ती म्हणाली. त्या दिवसापासून तिच्या पेरणीला बापूंची बैलजोडी एक दिवस येऊ लागली, आणि बापूंच्या कापूस वेचणीला आत्या. पुढची कित्येक वर्षं ते दोघं बांधाच्या दोन बाजूंना उभे राहून पावसापाण्याचं बोलत. पाणी मात्र बापू वरूनच ओतायचे. आत्या ओंजळीनं प्यायची.

तिचं दुसरं पालुपद होतं, "नाव लागू दे, मंग बघू." डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, मी बीडला चल म्हटलं की, "नाव लागू दे." घरावर नवे पत्रे, नाव लागल्यावर. गुडघ्याचं औषध, नाव लागल्यावर. सुनेनं एकदा चिडून विचारलं, "आत्याबाई, मराल कवा?" ती शांतपणे म्हणाली, "नाव लागल्यावर."

नाव लागलं नाही. पावत्यांचं गाठोडं घेऊन मी तिला तालुक्याला नेलं होतं. साहेबांनी सगळ्या पावत्या तारखेनं लावल्या. मन लावून लावल्या, खोटं कशाला सांगू. मग म्हणाले, "मधली दोन वर्षं नाहीत. वहिवाट सलग दिसत नाही." त्या दोन वर्षांत जो तलाठी होता त्यानं शेवटपर्यंत दंड केला नव्हता. आत्या किती सोमवार त्याच्या पायरीवर बसली होती ते मी पाहिलं होतं. पण मी पाहिल्याची पावती नव्हती. आत्या साहेबांना म्हणाली, "त्या दोन साली म्या काय रान उचलून घरी नेलतं का?" साहेब हसले, मग त्यांना हसल्याची लाज वाटली असावी. अर्ज ठेवून जा म्हणाले. तो अर्ज अजून कुठेतरी आहे.

आता जे सांगायचं ते मला सोपं नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्या टेबलावर एक यादी आली. सौरऊर्जेच्या प्रकल्पासाठी द्यायच्या गायरानांचे गट नंबर होते. मला फक्त जावक क्रमांक टाकून ती पुढे पाठवायची होती. तिसऱ्या पानावर आत्याच्या गावाचं नाव होतं आणि तोच गट. मी बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसले. गट मोठा आहे, पलीकडची बाजू घेतील, असं मी मनाला समजावलं. कार्यालयातल्या कागदाचं बाहेर सांगितलं तर नोकरीवर बेतेल, असंही समजावलं. मृगात फोनवर ती म्हणाली, "पेरणी झाली माय, औंदा कापूस लावलाय." मी म्हणाले, "बरं झालं."

मध्यंतरी ग्रामसभा झाली. प्रकल्पाला जमीन देण्याचा ठराव आला. आमच्या वस्तीतल्या माणसांचे विरोधाचे हात मोजायचीही कुणाला गरज वाटली नाही. बापूंचा हात ठरावाच्या बाजूनं वर गेला. नंतर ते बांधावर येऊन म्हणाले, "माझा हात वर गेला नसता तरी ठराव झालाच असता, बाई." आत्यानं विचारलं, "मंग वर कावून केला?" बापू परत फिरले. त्यानंतर बांधावरचं बोलणं बंद झालं.

नोटीस ग्रामपंचायतीच्या भिंतीला चिकटवली होती. आत्याला वाचता येत नव्हतं. दादारावनं फोन केला तेव्हा दसरा होऊन गेला होता. रजा टाकून सकाळच्या एसटीनं मी निघाले. पोहोचले तेव्हा जेसीबी दगडी बांधावर चढत होतं, पोलिसांची जीप रस्त्यावर उभी होती आणि आत्या एका साहेबांपुढे हात जोडून होती. "बोंडं फुटल्यात साहेब. आठ दिस द्या. कापूस घरात नेते, मंग काय ते करा." साहेब तरुण होते. त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं. ते म्हणाले, "आजी, आजचाच आदेश आहे."

ती वळली आणि मशीनच्या पुढ्यातल्या ओळीत शिरून कापूस वेचायला लागली. सून धावली, दादाराव धावला, वस्तीतल्या दोघीतिघी आल्या. मीही शिरले. कचेरीत नेसते तीच साडी अंगावर, तिच्याच ओच्यात बोंडांसकट कापूस तोडून भरत होते. मागून जेसीबी येत होतं. ते ओळीच्या तोंडाशी आलं की आम्ही पुढच्या ओळीत जायचो. कुणी आरडाओरडा केला नाही. आत्याला मोतीबिंदूमुळे नीट दिसत नव्हतं, ती चाचपून चाचपून वेचत होती आणि पुटपुटत होती, "थांबा, थांबा, हे एक राहिलं." शेवटी एका पोलीस बाईनं तिला दंडाला धरून बाहेर आणलं. दुपारी दोनपर्यंत रान सपाट झालं. घरी दोन पोती कापूस आला, निम्मा हिरव्या बोंडांचा.

त्या संध्याकाळी मी तिला यादीचं सांगितलं. न सांगता मला तिच्या घरातलं पाणी गिळवलं नसतं. ती बोंडं सोलत होती. हात थांबले नाहीत.

"कवा आलता त्यो कागद?"

"मे महिन्यात."

"पेरायच्या आदी."

"हो."

आणखी एक बोंड सोलून ती म्हणाली, "मंग बी तरी वाचलं असतं, माय." एवढंच बोलली. शिवी दिली असती तर मी ती आयुष्यभर सांभाळून ठेवली असती. जेवताना तिनं नेहमीसारखी मला भाकरी आग्रहानं वाढली.

दिवाळीनंतर दादाराव आणि सून ऊसतोडीला निघाले. घरी खायला काही नव्हतं आणि मागे एकटीनं राहायला आत्या तयार नव्हती. मी म्हणाले, "माझ्याकडे बीडला चल. डोळ्याचं करू." ती म्हणाली, "तिथं म्या काय करू? इथं दोघांला भाकरी तरी टाकीन." ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, फडावर उसाच्या वाळल्या पाल्याची, पाचटाची खोपी करतात तिच्यावर टाकायला ताडपत्री, त्यावर ती बसली. सुनेनं तिला वर ओढून घेतलं. ट्रॅक्टर निघाला तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी राग समजले. नंतर लक्षात आलं, तेवढ्या अंतरावरून तिला मी दिसतच नसेन.

जानेवारीत, थंडीच्या कडाक्यात, फडावरच्या पाचटाच्या खोपीत ती गेली. सकाळी भाकऱ्या टाकल्या, चुलीपाशीच आडवी झाली. दादारावनं तिला गाडीतून गावी आणलं. मी आधीच पोहोचले होते. आणि तेव्हा आम्हा सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं, की आमच्या वस्तीचा मसणवटाही त्याच गायरानात होता. आता भोवती तारेचं कुंपण होतं, आत काचेच्या निळ्या पाट्यांच्या रांगा. फाटकावरचा राखणदार परमुलखातला होता, बिचारा. कुलूप उघडायला साहेबांची परवानगी लागेल म्हणाला, आणि साहेब फोन उचलत नव्हते. गाडीवाला परत जायची घाई करत होता. आत्याला आम्ही फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला खाली उतरवलं. दोन तास ती तिथे होती. येणारी-जाणारी वाहनं हळू होत आणि पुढे जात.

बापू काठी टेकत आले. सरळ आत्याजवळ जाऊन उभे राहिले. मग दादारावला म्हणाले, "माझ्या रानात घ्या. बांधाच्या आतल्या अंगाला, लिंबाखाली." त्यांच्या मुलानं त्यांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं, तेव्हा ते मोठ्यानं म्हणाले, "सातबारा अजून माझ्या नावावर हाय." तिथेच त्रिशरण-पंचशील म्हटलं, तिथेच आत्याला अग्नी दिला. बापू शेवटपर्यंत उन्हात उभे होते. त्यांचे आभार मानायला हवे होते. मी मानले नाहीत, आणि त्यांनाही ते नको असावं.

मी अजून त्याच कार्यालयात, त्याच टेबलावर आहे. गट नंबरांच्या याद्या येतात. आता जावक क्रमांक टाकण्याआधी मी गावांची नावं वाचते आणि त्या गावात कुणी ओळखीचं निघतं का ते शोधते: एखादी अंगणवाडीताई, एखादी शाळेतली मैत्रीण. त्यांच्याकडून नंबर मिळवते. जेवणाच्या सुट्टीत बसस्टँडकडे चालत जाते आणि फोन लावते. परवा दिंद्रुडकडच्या एका गावातली बाई होती. मी नाव न सांगता तिला गट नंबर सांगितला. तिनं तो दोनदा वदवून घेतला. मग म्हणाली, "ताई, आमची चार घरं हाईत त्या रानावर. आमी आता काय करावं?"

स्टँडवर गाड्यांचा गोंगाट होता. ती पलीकडे थांबून होती, आणि मी फोन कानाला लावून तशीच उभी होते.