मखलूफ क्षमा मागायला गेला

इस्रायलमधल्या त्सफात गावी, मोरोक्कोहून आलेल्या ज्यूंच्या प्रार्थनाघरात बावीस वर्षं प्रार्थना सांगायची ती मखलूफ बुस्किलानेच. धंद्याने तो चांभार, पण गळा असा की गल्लीतली माणसं थबकायची. गावातल्या जुन्या साधकांनी घालून दिलेल्या रिवाजाप्रमाणे सकाळी आधी सगळे म्हणत, "शेजाऱ्यावर स्वतःइतकंच प्रेम करायचं, हे मी अंगावर घेतो." सगळ्यांचे जीव मुळात एकच, मध्ये आडवा येतो तो 'मी', असं मखलूफ नवख्यांना समजावूनही सांगायचा.

आणि एका सकाळी त्यानेच भाजीवाल्या निसीम वाकनीनला भर प्रार्थनेत थांबवलं. "तू गप बस रे. तुझ्या रेकण्याने आमचंही वर पोचत नाही."

निसीम पुस्तक मिटून उठला तो परत आला नाही. मखलूफही बोलवायला गेला नाही. सहा वर्षं अशीच गेली.

मग मखलूफला पक्षाघात झाला. पाय ओढत का होईना, तो चालू लागला, पण वाचा गेली ती गेलीच. शब्द मनात तयार असायचा, तोंडातून नुसती घरघर यायची. त्यातच थंडीत दोन म्हातारे वारले आणि सामुदायिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष भरेनात. त्याला धरून नऊच.

मखलूफने बायकोचा हात धरला आणि बाजाराकडे बोट केलं. फ्रेहा काय ते समजली. दगडी पायऱ्या उतरायलाच त्यांना अर्धा तास लागला.

निसीम काकड्या रचत होता. "काय देऊ?" त्याने फ्रेहाला विचारलं.

मखलूफ पुढे झाला. ओठ हलले, लाळ हनुवटीवर आली. गिऱ्हाइकं बघत राहिली.

"क्षमा मागायला आलेत," फ्रेहा म्हणाली.

"त्यांना म्हणू दे ना."

"बोलता येत नाही त्यांना. तुम्हाला माहीत नाही का?"

"येत होतं तेव्हा सहा वर्षं वाट बघितली मी, फ्रेहाबाई." निसीमने एक काकडी उगाच या हातातून त्या हातात घेतली. "आता मी काय करू? सांगा तुम्हीच."

मखलूफने त्याचा हात धरायचा प्रयत्न केला, पण बोटं टोपलीच्या काठावरच अडकली. निसीमने ती हलकेच सोडवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

दुसऱ्या दिवशी निसीम आला. "दहावा नाही म्हणून आलोय," एवढंच म्हणून तो मखलूफशेजारच्या रिकाम्या जागी बसला. सगळ्यांनी प्रेमाचं ते वाक्य म्हटलं. मखलूफची नुसती घरघर ऐकून निसीम थांबला, मग खाली बघत त्याने ते पुन्हा म्हटलं, 'मी'च्या जागी 'आम्ही' घालून.

मखलूफचे डोळे भरून आले. आयुष्यभर त्याने देवाकडे एकच मागितलं होतं, माझा ताठा मोड. तो खरंच मोडला, की आत तसाच बसून आहे आणि फक्त जीभ गेली, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. आणि विचारायचं म्हटलं तरी विचारता येत नव्हतं. निसीमने पान उलटून पुस्तक दोघांच्या मध्ये सरकवलं.