अक्का हसली की पडायची

मंडळी, पणती वर्गात झोपते म्हणून आज तिला डॉक्टरांकडे नेलं. हे शाळा चुकवायचं सोंग आहे अशी माझी खात्री होती, ते पकडायलाच मी सोबत गेले.

डॉक्टरांनी विचारलं, “हसताना हिचे गुडघे एकदम ढिले पडतात का?”

मला अक्का आठवली, माझी थोरली बहीण.

निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. आमच्या खजुरी गावच्या शेतात आम्ही दोघी ज्वारीवरची पाखरं राखायचो. अक्का गोफण हातात धरूनच झोपायची. मी नकला केल्या की हसायची आणि हसता हसता खाली कोसळायची. मी आईला सांगितलं, “अव्वा, सोंग करायलीय ती. हसत हसत कुणी आजारी पडतंय व्हय?”

तरी आईनं तिला गाणगापूरला नेलं. दुपारच्या आरतीला झपाटलेली माणसं किंचाळत होती. अक्का मात्र खांबाला टेकून गाढ झोपली होती.

आई म्हणाली, “भूत असतं तर वरडलं असतं. भूत न्हाई, कामचुकारपणा हाय.”

अक्का पुढं हसेनाशीच झाली. तिचं पडणंही थांबलं. मी म्हणाले, बघा, सोंगच होतं.

आज डॉक्टर म्हणाले, पणतीला नार्कोलेप्सी असावी, झोपेचा आजार; त्यात हसलं की अंगातला जोरच जातो.

तुमच्या घरात सोंगाडं कोण आहे? आणि ते शेवटचं हसलं कधी?