टर्बाइन काकाजींची फळी

टर्बाइन काकाजींना नमस्कार केला की उत्तर यायचं, "कायले आला?" गोड बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. गोंदियाच्या राइस मिलमध्ये मिस्त्री म्हणून उमर घालवलेला हा माणूस. मिलच्या भंगारातल्या लोखंडी बादल्या त्यांनी एका चाकाला ठोकल्या आणि चोरखमाऱ्याच्या तलावातून येणाऱ्या कालव्यात, पाणी जेमतेम दीड हात खाली पडतं तिथे, ते चाक बसवलं. त्याला ते ऐटीत टर्बाइन म्हणत. आम्ही हसलो आणि तेच नाव त्यांना चिकटवलं.

पण ही काही हौस नव्हती. त्यांचं घर शेतात, आणि विजेचे खांब जंगलाच्या हद्दीशी येऊन थांबलेले. काकीजींची नजर अधू. अंधारात चुलीवर त्यांचा हात दोनदा भाजला होता. "पानी जाऊनच राहिलं, मंग फुकट कायले जाऊ देता?" काकाजी म्हणायचे. चाक फिरलं, त्याला जोडलेला डायनॅमो फिरला, घरात दिवा लागला, आणि आमचं हसणं थांबलं.

पाण्याला उंची मिळावी म्हणून ते कालव्यात एक सागाची फळी आडवी लावत. आभाळ भरलं की ती काढायचीच, नाहीतर कालवा काठ फोडतो. दर रोवणीआधी, म्हणजे धानाची लावणी सुरू व्हायच्या आधी, ते खालच्या प्रत्येक बांधीवर, धानाच्या प्रत्येक खाचरावर जात. "फळी लावू का? पानी साऱ्यायचं आहे, विचाराले लागते."

एका रोवणीत काकीजींना घेऊन ते दवाखान्यात गेले. जाताना मला बजावलं, "आभाळ आलं का फळी काढजो." दुपारी गावातली वीज गेली, म्हणून मी त्यांच्या घरी, चाकाच्या विजेवर चालणाऱ्या टीव्हीवर क्रिकेटची मॅच बघत बसलो. आभाळ काळंभोर झालं. फळी काढली असती तर टीव्ही बंद पडला असता, आणि पाचच षटकं उरली होती. मी थांबलो. पाऊस कोसळला, कालवा फुटला आणि खालच्या बांध्यांमधलं नुकतं रोवलेलं धान वाहून गेलं.

गावाच्या बैठकीत लोक चवताळले होते. मी गर्दीत मागे सरकून बसलो. काकाजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "फळी माही, चूक माही," एवढंच बोलले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हातांनी चाक उतरवलं. काकीजी पुन्हा अंधारात स्वयंपाक करू लागल्या. मला आजही स्वतःची लाज वाटते.

पुढच्या वर्षी दोघं कुडव्याला मुलीकडे राहायला गेले. निघताना मी म्हणालो, "काकाजी, मी साऱ्यायले खरं सांगतो."

"आता सांगून धान उगवन का? घे, हे तुह्याकडं ठेव." त्यांनी फळी माझ्या हातात दिली.

ती माझ्या पडवीत उभी आहे. गावात खरं काय ते अजून कोणालाच ठाऊक नाही. आभाळ भरून आलं की मी हातातलं काम टाकून कालव्यावर जातो. तिथे काढायला आता काही नसतं.