बाबा, मी आणि बासष्ट शब्द

मुदतीच्या तापातून मी उठले तेव्हा माझ्या डोक्यावर एकही केस उरला नव्हता. नगरच्या मुलींच्या बोर्डिंगमधून बाबा मला देवळाली प्रवऱ्याला घरी घेऊन आले होते. मॅट्रिकचं वर्ष बुडालं म्हणून मी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. त्याच आठवड्यात बाबांच्या शाळेत शिक्षणखात्याचे दिपोटी साहेब तपासणीला आले.

बाबा मिशनच्या मराठी शाळेत मास्तर होते. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, पास झालेले आणि वीस वर्षं शिकवत आलेले. तिथले हेडमास्तर थकले होते आणि त्यांच्या जागी बाबाच येणार, असं सगळं गाव धरून चाललं होतं. दिपोटी साहेबांनी वर्ग पाहिले, मुलांचे पाढे ऐकले, शेराही चांगला दिला. टांग्यात बसता बसता मात्र म्हणाले, "मास्तर, काम उत्तम आहे तुमचं. पण यापुढे मॅट्रिक झालेलाच माणूस हेडमास्तर होणार."

बाबा घरी आले, पगडी खुंटीला टांगली आणि माझ्या खाटेशी येऊन उभे राहिले.

"ऊठ," ते म्हणाले. "मार्चमध्ये आपण दोघं बाहेरून मॅट्रिकला बसायचं."

"दोघं?"

"मी एकटा बसलो तर लोक हसतील. तू बरोबर असलीस की म्हणतील, पोरीला सोबत म्हणून गेलाय."

मी किती दिवसांनी हसले ते आईनं मोजून ठेवलं होतं. एकवीस.

गणित, इतिहास, भूगोल यांची बाबांना भीती नव्हती. इंग्रजीत मी त्यांना ओढणार होते. मराठी तर त्यांचा हातखंडा विषय, असं आम्ही दोघंही समजत होतो. मग बोर्डिंगमधल्या माझ्या बाईंनी टपालानं एक यादी पाठवली. कविता आणि नाटक समजून घ्यायला लागणारे बासष्ट शब्द. उपमेय, उपमान, उत्प्रेक्षा, अपन्हुती, यती, गण, स्वगत, संघर्ष, प्रमाद, शोकांतिका. त्या वर्षी एक जुनं नाटक नेमलेलं होतं आणि ते दुःखात संपणारं होतं. यादीखाली बाईंनी लिहिलं होतं, 'व्याख्या शब्दशः पाठ असाव्यात.'

बाबांनी यादी वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. "यातलं निम्मं मी मुलांना शिकवतो," ते म्हणाले, "पण त्याला असं म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं."

लढाईचे दिवस होते, कागद मिळत नव्हता. लग्नपत्रिकांच्या पाठी, चहाच्या पुड्याचं वेष्टण, जुन्या कॅलेंडरची पानं असं जे सापडलं ते कापून आम्ही चिठ्ठ्या केल्या. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला व्याख्या. रॉकेलही मापानंच मिळायचं, म्हणून अभ्यास पहाटे फटफटल्यावर आणि दुपारी शाळा सुटल्यावर, ओसरीवर.

अलंकार माझ्या डोक्यात शिरत नव्हते. सगळे एकसारखेच वाटायचे. एका दुपारी बाबा म्हणाले, "तुझा रुमाल काढ बघू." मी डोक्याला बांधलेला रुमाल काढला. माझ्या गुळगुळीत टाळूकडे बोट दाखवून ते वर्गातल्यासारखे खड्या आवाजात म्हणाले, "हिचं डोकं भोपळ्यासारखं आहे. काय झालं?"

"उपमा," मी पडेल आवाजात म्हणाले.

"हिचं डोकं म्हणजे जणू भोपळाच!"

"उत्प्रेक्षा."

"हिचं डोकं भोपळ्याहूनही गुळगुळीत."

"व्यतिरेक."

"हे डोकं नव्हेच, हा भोपळा आहे!"

"अपन्हुती," मी म्हणाले, आणि मला हसू फुटलं. "आणि आई विळी घेऊन चिरायला आली तर भ्रान्तिमान!"

आई खरोखरच विळी हातात घेऊन स्वयंपाकघरातून आली होती, पण बाबांच्या अंगावर. "पोरीला भोपळा म्हनताय? लाज हाय का काई?" आम्ही दोघं इतके हसत सुटलो की तिला काही सांगताच येईना. त्या दिवसानंतर मी घरात रुमाल बांधला नाही आणि अलंकारही कधी चुकवले नाहीत.

आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. आम्ही ख्रिस्ती. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणत. देवळात दर रविवारी ऐकून ऐकून तिला कितीतरी स्तोत्रं अथपासून इतिपर्यंत पाठ होती. एखाद्या रविवारी पाळकसाहेब वाचताना ओळ गाळून पुढे गेले, तर बायकांच्या बाजूला आईची मान लगेच वर व्हायची.

एके दिवशी ती ओसरीच्या कडेला ज्वारी निवडत बसली होती. मी चिठ्ठी धरली होती आणि बाबा शोकांतिकेची व्याख्या म्हणत होते, 'स्वभावातल्या प्रमादामुळे थोर माणसाचा होणारा अटळ नाश...' मी म्हटलं, "बरोबर."

"न्हाई बरुबर," आई सुपातनं वर न बघता म्हणाली. "काल तुमी 'थोर' आदी म्हनला हुता, मंग 'प्रमादामुळं'. आज उलटं केलंत."

मी चिठ्ठी पाहिली. आईचं बरोबर होतं.

बाबा चकित झाले. "तुला अजून कुठली येते?"

"समद्या येत्यात. म्हयनाभर कानाशी तेच चाललंय. पर त्याचा अर्थ मला इचारू नगा."

तिथून पुढे परीक्षक आई झाली. मी चिठ्ठीवरचा शब्द वाचायचा, बाबांनी व्याख्या म्हणायची आणि आईनं कान द्यायचा. मग बाबांनी वाचायचा आणि मी म्हणायची. चूक झाली की ती सुपावर बोटांनी टकटक करायची. बाबा वैतागायचे. "अगं, अर्थ तोच आहे!" त्यावर आई म्हणायची, "बाईंनी सबूद न् सबूद सांगितलाय. अर्थाचं तुमी आन् तुमचे साह्यब बघून घ्या."

शब्द झाले, मग नाटक सुरू झालं. रोज एक प्रवेश मी मोठ्यानं वाचायची. एक चांगला राजा असतो. प्रजेवर माया करणारा, पण आपण दिलेली आज्ञा कधी मागे न घेणारा. कोणीतरी त्याचे कान भरतं की धाकटा भाऊ फितूर झालाय. राजा त्याला देहान्त शिक्षा देतो. बहीण येऊन विनवते, म्हातारा प्रधान थांबायला सांगतो, राजा ऐकत नाही. भाऊ निर्दोष असल्याचं पत्र घेऊन दूत येतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

बाबांना हे नाटक सोसेना. ते पुस्तक माझ्या हातातून घेत, मागची पानं उलटत आणि म्हणत, "हा दूत वाटेत धर्मशाळेत कशाला थांबला? तडक आला असता तर?"

"बाबा, तो तडक आला असता तर ही शोकांतिका झाली नसती."

"नसती झाली तर काय बिघडलं असतं? दोन भाऊ सुखानं नांदले असते!"

मी त्यांना व्याख्या म्हणून दाखवायची. ते म्हणायचे, "ती येते मला. पण मला पटत नाही." वीस वर्षं त्यांनी मुलांना एकच सांगितलं होतं, की चूक झाली तर खोडरबर घ्या आणि पुन्हा लिहा. खोडताच येत नाही अशी चूक त्यांना मान्यच नव्हती.

आई मात्र शेवटच्या प्रवेशापर्यंत गप्प राहिली. मी पुस्तक मिटलं तेव्हा तिनं पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, "भैन सांगत हुती तवा त्यानं का ऐकलं न्हाई गं?"

"त्याचा तसा स्वभाव होता."

"व्हय," ती म्हणाली. "ऐकलं असतं तर त्यो राजा नसता, दुसराच कुनी असता." आणि भाकरी थापायला उठून गेली.

बाबा तिच्या पाठीकडे बघत राहिले. "हेच बाईंनी चार ओळींत लिहिलंय," मी म्हटलं. बाबांनी मान हलवली, पण दूतावरचा त्यांचा राग काही गेला नाही.

मार्चमध्ये आम्ही बैलगाडीनं राहुरी स्टेशन गाठलं आणि आगगाडीनं नगरला आलो. उतरलो भिंगारला मामाकडे. मामा लष्कराच्या भांडारात कारकून होता. त्याच्या घरी पहाटे बिगुल वाजला की बाबा ताडकन उठून बसत आणि व्याख्या म्हणू लागत. मामा पांघरुणातून म्हणे, "दाजी, बिगुल शिपायांसाठी आहे."

माझ्या डोक्यावर तोवर बोटभर केस आले होते. पहिल्या दिवशी बाबा कोट, धोतर, पगडी अशा थाटात हॉलच्या दाराशी उभे राहिले. पर्यवेक्षकांनी नम्रपणे हात जोडले. "पालकांनी कृपया फाटकाबाहेर थांबावं."

बाबांनी खिशातून आपलं परीक्षेचं कार्ड काढून दाखवलं. पर्यवेक्षकांनी ते वाचलं, बाबांकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. मग बाजूला सरून म्हणाले, "या, गुरुजी." ते बाबांच्या हाताखाली शिकले होते की काय, मला माहीत नाही, पण तीन तास त्यांनी बाबांच्या बाकाकडे पाठ करून उभं राहायचं टाळलं आणि दोनदा पाणी पाठवलं.

मराठीचा पेपर सोपा होता. अलंकार ओळखा, वृत्त सांगा, स्वगताचं प्रयोजन लिहा. मी बाहेर आले ती नाचतच. बाबाही खुशीत होते.

"शेवटचा प्रश्न पाहिलास?" ते म्हणाले. "दूत वेळेवर पोचला असता तर नाटकाचे काय झाले असते, चर्चा करा. मी सात पानं लिहिली!"

"आणि अलंकार?"

बाबा थांबले. रस्त्यावरून लष्कराच्या मोटारी धुरळा उडवत चालल्या होत्या. "आधी तोच प्रश्न घेतला मी," ते हळूच म्हणाले. "मग वेळ उरला नाही."

"सात पानांत लिहिलंत तरी काय?"

"त्या दूतानं कुठल्या वाटेनं यायला हवं होतं ते."

निकाल वर्तमानपत्रात आला. पोस्टमास्तरांनी अंक आमच्या घरी स्वतः आणून दिला. माझा नंबर होता, बाबांचा नव्हता. पुढे गुणांचा कागद आला तेव्हा कळलं, बाकी सगळ्या विषयांत पास, अगदी इंग्रजीतही. फक्त मराठीत नापास.

मला पेढे खावेसे वाटेनात. बाबांनीच पुडा फोडला, पहिला पेढा माझ्या तोंडात कोंबला आणि दुसरा स्वतः खाल्ला. पण त्या संध्याकाळी ते एकटेच कालव्याच्या कडेनं लांबवर चालत गेले. परत आले तेव्हा आईनं पाय धुवायला ऊन पाणी दिलं, एरवी ती थंडच देत असे.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना डबा द्यायला शाळेत गेले. बाबा वर्गासमोर उभे होते. "मुलांनो," ते म्हणाले, "तुमचे मास्तर मराठीत नापास झाले."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "म्हंजी आमच्यावानी?"

"अगदी तुमच्यासारखा."

वर्गात जो आनंद उसळला तसा मी कुठल्या सणालाही पाहिला नाही. त्या वर्षी पटावरचं एकही मूल शाळा सोडून गेलं नाही, असं बाबा पुढे अभिमानानं सांगत. खरंखोटं मला ठाऊक नाही.

जूनमध्ये मी शिक्षिकेच्या ट्रेनिंगला पुण्याला गेले. आता चिठ्ठी वाचायला घरात कोणी नव्हतं. बाबांनी पत्रात कळवलं की त्यावर आईनंच तोड काढली. बासष्ट शब्द तिला क्रमानं पाठ झाले होते. चुलीपाशी बसून ती ओळीनं एकेक शब्द उच्चारी, बाबा व्याख्या म्हणत, आणि नाटकाचा विषय निघाला की ती स्पष्ट बजावी, "त्या दूताचं नाव काडायचं न्हाई."

पुढच्या मार्चला बाबा एकटे नगरला गेले. मराठीच्या पेपरात त्यांनी अलंकार आधी सोडवले. नाटकावर राजाचा प्रमाद कोणता असं विचारलं होतं. आईचं वाक्य त्यांनी शुद्ध मराठीत करून लिहिलं, आणि तसं मला पत्रात कळवलंही, जरा ओशाळून. ते पास झाले. तिसऱ्या वर्गात, पण झाले.

हेडमास्तरांची जागा त्यांना मिळायला आणखी सहा महिने गेले. मी नाताळच्या सुट्टीत घरी होते. आई नवं कोरं पातळ नेसून शाळा बघायला आली. बाबा हेडमास्तरांच्या खुर्चीत बसून दाखवत होते, पाठ ताठ, हात टेबलावर. आई चारी बाजूंनी फिरली, खाली वाकली आणि म्हणाली, "ह्या खुर्चीचा येक पाय डुगडुगतोय. उठा आदी. सुताराकडं धाडते."

बाबा मुकाट्यानं उठले. पहिले दोन दिवस आमच्या हेडमास्तरांनी उभ्यानंच काम केलं.