थेंबेसाहेबांची खिडकी

आमच्या कॉलनीत थेंबेसाहेबांचा विषय निघाला की मी उठून आत जातो, नाहीतर पाण्याच्या टँकरचं काहीतरी काढतो. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली तरी माझं हे चालूच आहे. परवा देवळामागच्या बाकावर कुणीतरी म्हणालं, "तो थेंबे ना, दारूनं गेला." मी शेजारीच बसलो होतो. तेव्हाही टँकरचंच काढलं. घरी आल्यावर जेवण गेलं नाही, म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

थेंबे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते एमआयडीसीतल्या एका लोखंडाच्या कारखान्यात केमिस्ट होते आणि रविवारी घरी ड्रॉपरनं थेंब मोजून पेय बनवायचे, त्यावरून कॉलनीनं ठेवलेलं ते नाव. त्यांच्या बैठकीत लग्नाच्या फोटोशेजारी दारूचा सरकारी परवाना फ्रेम करून लावलेला होता. जालन्यात घेणारे पुष्कळ, पण ते शेतात, ढाब्याच्या मागच्या खोलीत, नाहीतर गाडीत बसून. हा माणूस आपल्या घरात, रस्त्याकडची खिडकी सताड उघडी ठेवून, ऊन असताना बसायचा. मी एकदा विचारलंच, की साहेब, लोक बघतात. ते म्हणाले, "बघू द्या ना. चोरी करून राह्यलो का मी?"

मी त्यांचा शेजारी, शाळामास्तर. दर रविवारी दुपारचा चहा झाला की त्यांच्याकडे जायचो. गेल्या गेल्या आधी पडदा ओढायचो आणि माझ्यासाठी स्टीलचा पेला मागायचो. बाहेरून कुणी पाहिलं तर ताक पितोय असं वाटावं. थेंबेसाहेब पेला पुढे करत आणि हळहळत. "रंग दिसत न्हाई यात, गुरुजी. तुम्ही अर्धंच पिऊन राह्यले."

त्यांच्या पेयात फळांचा रस नाही, सोडा नाही. रम, चमचाभर गुळाचा पाक आणि घरी केलेला कडू अर्क, बस. हा अर्क मोसंबीच्या सालीचा. आपल्याकडे मोसंबीला काय तोटा? साल, कडू काडेचिराईताच्या काड्या, दालचिनीचा तुकडा, सगळं रममध्ये घालून बरणी कपाटात ठेवायची आणि रोज हलवायची. साल काढायचं काम त्यांच्या मनूचं. ही त्यांची एकुलती एक मुलगी. सालीला आतला पांढरा भाग चिकटून आला तर वहिनी स्वयंपाकघरातून नुसत्या वासावर सांगायच्या, "आज कडवट होणार बघा." आणि वर, "माझ्या वरणाची कधी एवढी चौकशी केली न्हाई या माणसानं." मायलेकींनी थेंबभरही कधी तोंडात घातलं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण पुढे लोक भलतंच बोलले.

बर्फाचाही त्यांचा कायदा होता. पाणी उकळून, निववून, डब्यात एकच मोठा गोळा जमवायचा. चुरा चालायचा नाही, तो लगेच पाणी होतो. मग काचेच्या कांडीनं सावकाश, आवाज न करता ढवळायचं. एक चमचा चाखायचा, डोळे मिटायचे, थांबायचं. मला घाई व्हायची. मी म्हणायचो, अजून चार थेंब टाका की एकदम. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. "जल्दी नका करू. भट्टीत काय, ग्लासात काय, घातलेलं परत काढता येत न्हाई. कमी घाला, चाखा, मंग घाला." असं करत करत एक ग्लास तयार व्हायचा आणि तो एकच ते दिवे लागेपर्यंत पुरवायचे. दुसरा भरलेला मी कधी पाहिला नाही. बाटली संपली म्हणून मध्येच उठलेले पाहिले नाहीत. आवाज चढलेला ऐकला नाही. उलट हिवाळ्यात गूळ बदलला की चव का बदलते, यावर आम्ही दोघं परीक्षेच्या पेपरासारखी चर्चा करायचो.

मनूला भोकरदनकडचं स्थळ आलं. मुलगा शिकलेला होता, तिला आवडला होता. तिनं तोंडानं सांगितलं नाही, पण त्या रविवारी साल काढताना गुणगुणत होती. थेंबेसाहेब मला हळूच म्हणाले, "ऐकून राह्यले ना गुरुजी? आज अर्क गोड होतो की काय." 

मुलाचे मामा आमच्या शाळेच्या संस्थेवर संचालक होते. माझ्या मुख्याध्यापकपदाचा प्रस्ताव त्याच सुमारास त्यांच्यासमोर जाणार होता. ते शाळेत आले, मला ऑफिसात बोलावलं, चहा मागवला.

"गुरुजी, तुम्ही शेजारी. माणसं कशी आहेत?"

"चांगली आहेत," मी म्हणालो.

"घरात पिणं आहे म्हणतात."

इथं मला एवढंच सांगायचं होतं, की रविवारी एक ग्लास, उघड्या खिडकीत, आणि समोर मी असतो. मामा माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "असेल. मी काही जात नाही त्यांच्याकडे."

"तुम्ही जात नाही?"

"नाही. आपल्या पेशाला शोभत नाही ते."

मामांनी मान हलवली. "पोरीसमोर चालतं?"

मी म्हणालो, "आता घरच एवढंसं आहे."

त्यांनी कप बशीत ठेवला आणि शाळेच्या पत्र्यांबद्दल बोलू लागले. स्थळानं नंतर नकार कळवला. मध्यस्थानं थेंबेसाहेबांना कारण सांगितलं आणि कुणी सांगितलं तेही सांगितलं असणार, कारण मध्यस्थाच्या पोटात काही राहत नाही. गावात मात्र वेगळंच फिरलं, की बाप पोरीला समोर बसवून पितो. त्यानंतर आलेली स्थळं दारातूनच परत गेली.

नकार आला त्यानंतरच्या रविवारी जावं की नाही, मला ठरवता येईना. न गेलो तर मीच बोललो हे कळेल म्हणून गेलो. दारातच थांबलो. खिडकीचा पडदा आधीच ओढलेला होता. तिपाईवर माझा स्टीलचा पेला घासून ठेवलेला होता. थेंबेसाहेब म्हणाले, "या गुरुजी. पडदा लावलाय."

त्या गोष्टीबद्दल यापलीकडे ते एक शब्द बोलले नाहीत, ना तेव्हा ना कधी नंतर. आवाजात राग नव्हता. मनू आतून आली नाही. मी डोकं दुखतंय म्हणून दारातूनच परत आलो आणि त्यांच्याकडे जाणं सोडलं. मी मुख्याध्यापक झालो तेव्हा त्यांनी पेढे खाल्ले, बराबर झालं म्हणाले. मनू पुढे बँकेत लागली, नांदेडला गेली. तिनं लग्न केलं नाही.

मग त्यांच्या जिभेला कॅन्सर निघाला. लोकांनी अर्थातच दारूचं नाव घेतलं. औरंगाबादला किरणांचा शेक घेऊन ते परत आले तेव्हा मनू रजा काढून आली होती. तिनंच मला बोलावलं. "काका, बाबा तुम्हाला बोलवताहेत." जाताना रस्ताभर मी वाक्य जुळवत होतो. आज सांगायचंच, असं ठरवलं होतं.

ते पलंगावर टेकून बसले होते. समोर ग्लास, कांडी, ड्रॉपर. आवाज बारीक झाला होता. म्हणाले, "मला चवच लागत न्हाई आता, गुरुजी. पाणी आन हे सारखंच. तुम्ही चाखून सांगा. मनूनं साल काढली आहे."

पडदा ओढलेलाच होता. मी उठून तो सारायला गेलो. निदान तेवढं तरी करावं असं वाटलं. मनू म्हणाली, "राहू द्या काका. त्यांच्या डोळ्यांवर ऊन येतं."

मी परत येऊन बसलो. तिनं चमचा माझ्या हातात दिला. मी चाखलं, डोळे मिटले, त्यांच्यासारखा थांबलो. डोळे उघडले तर ते माझ्या तोंडाकडे एकटक बघत होते, मुलं निकालाच्या दिवशी बघतात तसे. वाक्य ओठांवर आलं होतं. शेजारी मनू उभी होती, मोसंबीचा वास तिच्या हाताला येत होता.

मी म्हणालो, "कडू थोडं कमी आहे."

"मंग घाला," ते म्हणाले आणि समाधानानं मागे टेकले.

मी थेंब घातला, ढवळलं, परत चाखून म्हणालो, बिलकुल जमलंय. ते हसले. त्यानंतर मी त्यांना पाहिलं ते चार माणसांच्या खांद्यावर.

मनू हे वाचेल. बाकावरचे लोकही वाचतील. त्या दिवशी चमचा हातात धरून जे बोलायला गेलो होतो, ते असं होतं: साहेब, मी येत होतो. दर रविवारी येत होतो आणि आठवडाभर त्याची वाट बघत होतो. मामांना मी खोटं सांगितलं. मला माफ करा, आणि मनूलाही सांगा, की माफ कर.