हेवा घेऊन तंजावरला

तंजावरला मी हौसेनं गेले नाही, मला पाठवलं. वर्षभर ह्यांच्या किमोच्या फेऱ्या, तपासण्या, तोंडची गेलेली चव, सगळं मी एकटीनं निभावलं. शेवटी स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडले, तेव्हा ह्यांनी परस्पर सांगलीहून बहिणीला बोलावलं, बँकेतल्या जुन्या मित्राला, वेंकटरावांना, फोन केला आणि माझं तिकीट काढलं. "चार दिवस जा. खा, झोप," म्हणाले. पुणे स्टेशनवर पोचवायला कुणी नव्हतं. वन्सं घरी मऊ भात शिजवत होत्या, माझ्या ओट्यावर, माझ्या कुकरात.

तंजावरला वेंकटराव घ्यायला आले होते. पांढरी वेष्टी (लुंगीसारखं गुंडाळलेलं धोतर), कपाळाला गंध. घराणं मराठ्यांच्या राज्यात इकडे आलं ते इथलंच झालं. "या, बैसा. प्रवास बरा झाला की?" मराठी जुनं, हेल तमिळ. घरी त्यांच्या पत्नी सरोजाबाई दारात उभ्या होत्या, डोक्याला सुती रुमाल बांधून. त्यांनाही ह्यांचाच आजार, उपचार दोन वर्षं चाललेले. त्यांनी दवऱ्यात (पसरट वाटीत) पेला ठेवून कॉफी दिली. ती वरून ओतून निववायला गेले आणि अर्धी साडीवर घेतली.

कुणी सांगूनही ऐकलं नाही, भर दुपारी मोठं देऊळ बघायला गेले. शिखराकडे मान वर करून बघायचं तर खाली फरशी तापलेली. तव्यावर पाय ठेवल्यागत उड्या मारत सावली गाठली. तिथे एका बाईनं हातात मोबाइल दिला. "अक्का, एक फोटो?" तिचा नवरा चांगला धडधाकट, केस दाट, तिचा पदर सारखा करत होता. माझा असा जळफळाट झाला म्हणता! फोटो काढला आणि नेमकं त्याचं डोकं कापलं. हात हलला असेल, असं मनाशी म्हणाले. हात मुळीच हलला नव्हता.

संध्याकाळी वेंकटरावांनी स्कूटर काढली आणि निघाले तिरुवैयारूला. तिथे कावेरीकाठी त्यांचा मित्र मुलांना गाणं शिकवतो, ते ऐकत बसायला. रोज जातात म्हणे. बायको आजारी आणि हे गाणी ऐकायला! मला राग आला, आणि खरं सांगायचं तर रागाहून हेवा जास्त. वर्षभरात मी हॉस्पिटल आणि औषधांच्या दुकानापलीकडे गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी जेवायला केळीचं पान मांडलं. रसम, भात, कच्च्या केळ्याची भाजी. जेवण संपता संपता ह्यांचा व्हिडिओ कॉल आला. स्वारी खुशीत. "अगं, ताईच्या हातचं आंबट वरण दोन वाट्या खाल्लं!" मागे वन्सं हसत होत्या, लहानपणीची कसलीशी गोष्ट चालली होती. मी "छान" म्हटलं, फोन ठेवला आणि पान ताडकन पलीकडे दुमडलं.

सरोजाबाईंनी हात पुढे करून ते उलगडलं आणि माझ्या बाजूला दुमडून ठेवलं. "आपल्या बाजूला दुमडायचं," त्या शांतपणे म्हणाल्या. "पलीकडे आम्ही मर्तिकाच्या जेवणाला दुमडतो."

ह्यांचं नाव मनात घेऊन मी ते पान दुमडलं होतं. तिथेच खरकट्या हातानं रडायला लागले. "वर्षभर माझ्या हातचे दोन घास गेले नाहीत त्यांना. आणि बहिणीच्या हातचं दोन वाट्या! मग मी केलं ते काय?"

"तुम्ही समोर बैसत असाल. किती घास गेले ते बघत."

"बसते की."

"आमचे हे पण बैसत. घास उतरायचा नाही मला." सरोजाबाई रुमाल सारखा करत म्हणाल्या, "मीच म्हटलं, संध्याकाळी नदीवर जा. हे गेले की शेजारची येते. तिच्यापाशी मी यांच्या चुगल्या करते, रडून घेते. यांच्यापुढे रडले तर हे घाबरतात."

"म्हणजे घरी माझी अडचणच."

"ते मी कसं सांगू? त्यांना विचारा."

संध्याकाळी मीही स्कूटरवर मागे बसून तिरुवैयारूला गेले. पाण्यात पाय सोडून बसले. मुलं सूर लावत होती, काही सुरात, काही नाही. भूक लागली म्हणून गरम भजी खाल्ली, मग आणखी एक प्लेट. उरलेले दिवस पोटभर जेवले, मेल्यासारखी झोपले, आणि वन्सं आता काय रांधत असतील याचा विचार करत राहिले.

घरी पोचले तेव्हा वन्सं बॅग भरून निघायच्या तयारीत होत्या. त्यांना रिक्षात बसवून आले आणि ह्यांच्यापुढे उभी राहिले. चेहरा खरंच तरतरीत दिसत होता. तेही सहन झालं नाही.

"माझ्याविषयी काय काय सांगितलंत ताईंना?"

हे खिडकीकडे बघत म्हणाले, "तू पडलीस ना त्या दिवशी, मला उठून तुला उचलता आलं नाही. रोज डोळ्यांपुढे तेच येतं. ते सांगितलं. रडलो जरा."

मी त्यांच्या शेजारी बसले, हात हातात घेतला. वन्संचा पुन्हा हेवा वाटला. हे त्यांनी माझ्याआधी ऐकलं होतं.